गोधडीचा व्यवसाय: आधी तीन नग ठरवा, मगच कापडाच्या दुकानात पाय ठेवा



गोधडीवरचा व्हिडिओ टाकला की सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न ठरलेला असतो. "कापड कुठून घेऊ? स्वस्त कुठे मिळेल?" प्रश्न चुकीचा नाही, पण तो पहिला प्रश्न नाही. पहिला प्रश्न असा आहे: "मी काय शिवणार आहे, आणि त्यासाठी मला किती तास बसावं लागणार आहे?" याचं उत्तर हातात नसताना दुकानात गेलं की काय होतं? समोर छान छान ताग्यांची रांग लागते. हेही घ्या, तेही घ्या करत पिशवी भरते. घरी येऊन उत्साहात पाच गोधड्या एकदम सुरू होतात. महिन्याभराने बघावं तर एकीचे तुकडे कापलेत, दुसरी अर्धी जोडलीय, तिसरीला रंग जुळत नाही म्हणून थांबलीय. विकायला मात्र एकही तयार नाही.

अर्धवट गोधडी म्हणजे पेटीत अडकून पडलेलं भांडवल. त्यात तुमचे पैसे तर असतातच, पण त्याहून महाग असे तुमचे तासही असतात. म्हणून आज आपण एकच गोष्ट नीट समजून घेणार आहोत. कापड निवडताना तुम्ही फक्त कापड निवडत नाही, तुम्ही तुमची मजुरी निवडत असता. वही-पेन घ्या, सगळं आकड्यांत बघू.

## पहिला हिशेब: गोधडीत खरा खर्च कशाचा?

एक साधी सिंगल गोधडी धरू, ६० बाय ९० इंचाची. हाताने धावदोरा घालायचा आहे आणि ओळी एकेक इंचावर आहेत. म्हणजे साधारण ६० ओळी, प्रत्येक ओळ ९० इंच. झाले ५,४०० इंच, म्हणजे सुमारे १३७ मीटर शिलाई! दोन ओळींतलं अंतर अर्धा इंच ठेवलंत तर हाच आकडा २७४ मीटर होतो. दिसायला फरक अर्ध्या इंचाचा, पण काम थेट दुप्पट.

आता तुमचा वेग मोजा. घड्याळ लावून एक तास शिवा आणि टेपने मोजा. उदाहरणासाठी समजा, तुम्ही तासाला ४ मीटर धावदोरा घालता. मग १३७ मीटरला ३४ तास लागतील. कापणं आणि जोडणं ८ तास, कडेची पट्टी ४ तास. एकूण ४६ तास. तुमच्या तासाची किंमत ६० रुपये धरली तर मजुरी झाली २,७६० रुपये.

कापड? पुढे आपण हिशेब करणार आहोत, त्याप्रमाणे या गोधडीला साडेदहा मीटर लागतं. मीटरला ९० रुपये धरले तर ९४५ रुपये. भरण २५०, दोरा वगैरे १०० धरू. सगळं मिळून ४,०५५ रुपये. यात कापडाचा वाटा चौथ्या हिश्श्यापेक्षाही कमी आहे. (हे भाव उदाहरणासाठी आहेत. तुमच्या गावचे भाव घालून हाच हिशेब परत करा.)

आता खरी गंमत बघा. दुकानदार म्हणाला, "हे घ्या, ६० रुपये मीटर." साडेदहा मीटरला तुमचे ३१५ रुपये वाचले. पण ते कापड निघालं टेरिकॉट, घट्ट विणीचं. सुई आत जाईना, प्रत्येक टाक्याला जोर लागायला लागला. वेग ४ मीटरवरून ३ मीटरवर आला. आता १३७ मीटरला जवळपास ४६ तास, म्हणजे १२ तास जास्त. १२ गुणिले ६०, झाले ७२० रुपये. वाचवले ३१५ आणि घालवले ७२०. शिवाय बोटं दुखली ती वेगळीच.

म्हणून स्वस्त कापड म्हणजे ज्यातून सुई सहज जाते, जे धुतल्यावर बिघडत नाही आणि ज्यामुळे ग्राहकाची तक्रार येत नाही, ते कापड. बिलावरचा आकडा त्यानंतर.

## एकदम किती प्रकार सुरू करायचे?

माझा सल्ला: तीन. त्यातही तिन्ही एकाच टप्प्यावर नकोत.

एक गोधडी धावदोऱ्याला लागलेली असावी, दुसऱ्या नगाची जोडणी चालू असावी आणि तिसऱ्याचं फक्त कापड धुऊन, इस्त्री करून, घडी घालून तयार असावं. पहिली पूर्ण झाली की सगळे एकेक पायरी पुढे सरकतात आणि मगच चौथ्या नगाला कात्री लावायची. हा नियम भिंतीवर लिहून ठेवा: एक नग विकायला तयार झाल्याशिवाय नव्या कापडाला कात्री नाही.

याचा दुसरा फायदा असा, की सकाळच्या उजेडात कापणं, दुपारी मशीनवर जोडणं आणि संध्याकाळी टीव्हीसमोर बसून धावदोरा, असा दिवस लागतो. एकच काम सलग करून येणारा कंटाळा येत नाही आणि हातही मोकळा राहत नाही.

सुरुवात करणाऱ्यांसाठी हे तीन नग घ्या:

१. बाळाचं दुपटं (३६ बाय ४० इंच). एकेक इंचावर ओळी घेतल्या तर साधारण ३७ मीटर धावदोरा, म्हणजे आपल्या वेगाने नऊ-साडेनऊ तास. लवकर तयार होतं, भेट म्हणून घेतलं जातं आणि पहिला पैसा पटकन हातात येतो.

२. सिंगल गोधडी (६० बाय ९० इंच). हे तुमचं मुख्य उत्पादन. वेळ लागतो, पण तुमची ओळख यातूनच होते.

३. कुशन कव्हर, पिशवी, टेबल रनर. हे दुसऱ्या नगातून उरलेल्या तुकड्यांतून करायचं. यासाठी वेगळं कापड विकत घ्यायचं नाही. हेच या योजनेचं मर्म आहे.

## कुठल्या नगाला कुठलं कापड?

दुपट्याला मलमल. आपल्या आज्यांनी जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्यांची दुपटी शिवली, ती काही फक्त काटकसर म्हणून नव्हे. कापड जितकं धुतलेलं, तितकं बाळाच्या कातडीला मऊ. नवीन घ्यायचं तर मलमलचे तीन थर पुरतात, वेगळं भरण लागत नाही. दुपटं रोज धुतलं जातं, म्हणून रंग पक्का हवा. जर, टिकल्या, मणी, बटणं काहीही नको. आणि ग्राहकाला सांगा, हे बाळाच्या खाली अंथरायला आहे, तान्ह्या बाळाच्या अंगावर जड पांघरूण म्हणून नाही.

गोधडीच्या वरच्या बाजूला केंब्रिक किंवा मऊ पॉपलिन. वीण मध्यम असते, तुकडे कापताना हलत नाहीत आणि धावदोराही सहज जातो. पाठीला शक्यतो त्याच जातीचं सुती कापड घ्या. वरचं कापड सुती आणि पाठीचं पॉलिस्टर असं केलंत तर पहिल्या धुण्यात सुती आटतं, पॉलिस्टर आटत नाही आणि गोधडी फुगे आल्यासारखी दिसते.

मांजरपाट स्वस्त असतं, पण पहिल्या धुण्यात चांगलंच आटतं. वापरायचं तर दोनदा धुऊन मगच. जीन्स, जाड बेडशीट, टेरिकॉट हाताच्या धावदोऱ्याला नको. मशीनवर चालेल.

कुशन आणि पिशवीला खण, इरकल, इकत सगळं चालतं. कारण त्याला दाट धावदोरा नसतो आणि ते रोज धुतलंही जात नाही. खणाचा एखादा तुकडा पिशवीच्या मधोमध आला की मराठमोळं दिसतं. पण बाजारात खणाच्या नावाने पॉलिस्टरही भरपूर विकलं जातं. ते विकायला हरकत नाही, फक्त ग्राहकाला "सुती खण" म्हणून सांगू नका.

भरण: पिंजाऱ्याकडून पिंजून आणलेला सुटा कापूस घातलात तर ओळी जवळजवळ घ्याव्या लागतात, नाहीतर धुतल्यावर आत गोळे होतात. तयार पॉलिस्टर शीट हलकी असते, लवकर वाळते, पण उन्हाळ्यात गरम होते. आपल्या हवेला, सुरुवातीच्या गोधडीला, एक धुतलेली जुनी सुती साडी किंवा चादर आतला थर म्हणून उत्तम.

साडीवरून एक हिशेब लक्षात ठेवा. साडेपाच मीटरची साडी म्हणजे सुमारे २१६ इंच लांबी. ती मधोमध कापून दोन तुकडे शेजारी शेजारी जोडले, की ४५ इंच पन्हा धरून जवळपास ८८ बाय १०८ इंचाचा थर मिळतो. म्हणजे एक साडी, डबल गोधडीचा एक थर. चार थरांची गोधडी हवी असेल तर चार साड्या. ग्राहक फोनवर विचारतो "किती साड्या देऊ?" तेव्हा हे उत्तर तोंडावर असलं पाहिजे.

## दुकानात जाताना खरेदीची यादी

पुण्यात रविवार पेठ, लक्ष्मी रोड, मुंबईत मंगळदास मार्केट, नाहीतर तुमच्या तालुक्याचं कापड दुकान, कुठेही जा. आत शिरल्यावर पहिला प्रश्न भावाचा विचारू नका, पन्ह्याचा विचारा. ४४ इंच पन्ह्याचं ९० रुपयांचं कापड आणि ३६ इंच पन्ह्याचं ८० रुपयांचं कापड, यात महाग कुठलं? दुसरं! इंचामागे भाव काढून बघा.

आता आपल्या सिंगल गोधडीची यादी करू. ५ इंची चौकोन, आडवे १२ आणि उभे १८, असे २१६ चौकोन. शिलाईसाठी चारी बाजूंना पाव पाव इंच सोडायचा, म्हणून कापताना चौकोन साडेपाच इंचाचा. ४४ इंच पन्ह्यात किनार सोडून एका ओळीत ७ चौकोन बसतात.

पाच वेगवेगळी कापडं घेऊ. प्रत्येकी एक मीटर घेतलं तर? एक मीटर म्हणजे ३९.४ इंच. त्यात साडेपाच इंचाच्या ७ ओळी बसतात, ७ गुणिले ७ म्हणजे ४९ चौकोन. पाच कापडांचे २४५. हवेत २१६. वा, भरपूर झालं!

थांबा. कापड धुतलं आणि समजा ४ टक्के आटलं. आता ३९.४ चे झाले ३७.८ इंच. सात ओळींना हवेत ३८.५. म्हणजे सहाच ओळी बसल्या. एका कापडाचे ४२ चौकोन, पाचांचे २१०. सहा चौकोन कमी पडले. परत दुकानात जावं तर तो तागा संपलेला, आणि नव्या ताग्याची छपाई तीच असली तरी रंगाची छटा वेगळी. दोनशे दहा चौकोन कापून सहासाठी गोधडी अडली. न धुता कापलंत तर चौकोन पुरतील, पण मग गोधडी ग्राहकाच्या घरी पहिल्या धुण्यात आटेल आणि शिलाई सुरकुतेल.

उपाय सोपा आहे. प्रत्येक कापड १ मीटर १० सेंटिमीटर घ्या. आटूनही ४१ इंचांच्या वर राहतं, सात ओळी आरामात बसतात. दहा सेंटिमीटर कापडाला ९ रुपये जास्त, पण काम अडत नाही.

पाठीसाठी चारी बाजूंना दोन दोन इंच जास्त, म्हणजे ६४ बाय ९४ इंच लागतं. ९४ इंचाचे दोन तुकडे शेजारी जोडायचे, म्हणून ५ मीटर. जोडल्यावर रुंदीत जवळपास २० इंचाची लांब पट्टी उरते. ती फेकू नका, त्यातूनच कडेची पट्टी निघते. गोधडीचा घेर ३०० इंच आहे, कोपरे आणि जोड धरून ३१० लागतील. अडीच इंची चार पट्ट्या काढल्या की काम झालं. सरळ कडेला उरेब पट्टी लागत नाही, सरळ धाग्याची पट्टी चालते. उरेब पट्टी गोल कोपऱ्यालाच लागते आणि ती काढताना कापड जास्त वाया जातं.

तर यादी अशी झाली:

- वरच्या बाजूला: ५ कापडं, प्रत्येकी १.१० मीटर = साडेपाच मीटर
- पाठीला आणि कडेला: ५ मीटर
- दुपट्याच्या तीन थरांना मलमल: साडेतीन मीटर

एकूण १४ मीटर. आणि २४५ मधून २१६ गेल्यावर उरलेल्या २९ चौकोनांपैकी १६ जोडले की २० इंची कुशनची पुढची बाजू तयार. बाकीचे १३ पिशवीच्या खिशाला. तिसऱ्या नगाचं कापड असं आपोआप निघालं.

## घरी आणल्यावर चार चाचण्या

कापड आणलं की लगेच कात्री लावायची नाही. आधी हे करा.

जळण्याची चाचणी. कडेचे चार धागे काढा, चिमट्यात धरून बशीवर जाळा. कागद जळल्यासारखा वास आणि मऊ राखाडी राख, म्हणजे सुती. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर. केस जळल्यासारखा वास आणि चुरडता येणारी राख, म्हणजे रेशीम. दुकानदार "प्युअर कॉटन" म्हणाला तरी ही चाचणी कराच. पाण्याचं भांडं जवळ ठेवा.

आटण्याची चाचणी. दहा बाय दहा इंचाचा तुकडा कापा, धुवा, वाळवा, इस्त्री करा, परत मोजा. साडेनऊ आला तर कापड ५ टक्के आटतं. त्याप्रमाणे यादी वाढवा.

रंगाची चाचणी. तुकडा कोमट साबणाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, मग पांढऱ्या सुती फडक्यावर दाबून वाळवा. गडद लाल, मरून, निळा, काळा यांच्यावर विशेष लक्ष ठेवा. मिठाच्या पाण्यात रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात, पण आधीच रंगवून आलेल्या कापडातला सुटणारा जादा रंग मिठाने कायमचा बसत नाही. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. तीन-चार धुण्यांनंतरही रंग जातच असेल तर ते कापड पांढऱ्या-फिक्या कापडाशेजारी लावायचं नाही.

सुईची चाचणी. हातभर धावदोरा घालून बघा, दोन थर आणि भरणासकट. बोटाला जोर लागतो का? ही चाचणी दोन मिनिटांची आहे, आणि हीच तुमचे ते बारा तास वाचवते.

प्रत्येक कापडाचा छोटा तुकडा वहीत चिकटवा. शेजारी दुकान, भाव, पन्हा, किती आटलं, रंग गेला की नाही, एवढं लिहा. सहा महिन्यांत ही वही तुमच्या मशीनपेक्षा मोलाची होते.

## रंग जुळवायचे कसे?

"मला रंगातलं कळत नाही" असं म्हणू नका. पाच कापडांसाठी साधं सूत्र आहे: एक फिकं प्लेन, एक गडद प्लेन, दोन बारीक छपाईची आणि एक मोठ्या छपाईचं. मोठ्या छपाईतलेच रंग बाकीच्या चारांत शोधायचे. जुळणी आपोआप होते.

पाचही कापडं शेजारी ठेवून मोबाईलवर फोटो काढा आणि तो काळा-पांढरा करा. सगळी एकसारखी करडी दिसली तर तयार गोधडीतही चौकोन उठून दिसणार नाहीत. काही फिकी, काही मध्यम, काही गडद दिसली पाहिजेत. आणि मोठ्या फुलांचं कापड साडेपाच इंची चौकोनात कापलं की फूल तुकड्यांत हरवतं. दुकानातच पुठ्ठ्याला ५ इंची चौकोनी खिडकी कापून नेलीत आणि ती कापडावर ठेवलीत, तर चौकोनात नेमकं काय दिसणार ते तिथेच कळतं.

## ग्राहक स्वतःची साडी देतो तेव्हा

आता सगळ्यात नाजूक भाग. गोधडीच्या धंद्यात चांगला पैसा आठवणींच्या गोधडीत आहे. कोणी आईच्या साड्या आणून देतं, कोणी आजीची नऊवारी, कोणी वडिलांचे शर्ट. नवीन कापडात सहा चौकोन कमी पडले तर नुकसान पैशाचं असतं. इथे चूक झाली तर ती साडी जगातल्या कुठल्याही दुकानात परत मिळत नाही. म्हणून इथे नियम कडक ठेवा.

साड्या घेताना ग्राहकासमोर प्रत्येकीचा फोटो काढा. उजेडासमोर धरून विरलेल्या जागा दाखवा. दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणून बघा. जुन्या रेशमाला घडीवर चिरा गेलेल्या असतात, ते त्यांच्या डोळ्यांदेखत दिसू द्या. "हा भाग टिकणार नाही, मागे हलकं फ्युजिंग किंवा मलमलचं अस्तर लावावं लागेल, त्याचे इतके पैसे जास्त होतील" हे आधीच सांगा. रंग जाणारी साडी असेल तर तेही आधीच. शिवून झाल्यावर सांगितलं तर ती सबब वाटते, आधी सांगितलं तर तो सल्ला असतो.

कात्री लावण्याआधी साड्यांची मांडणी जमिनीवर करून फोटो पाठवा आणि "हो, कापा" असा लेखी होकार घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचा चालतो. विचारून घ्या, पदर अखंड ठेवायचा का? काठ कुठे यायला हवा? एखादा डाग मुद्दाम ठेवायचा का? हसू नका, लोक ठेवतात. आईच्या साडीवरचा हळदीचा डाग हा त्यांच्यासाठी डाग नसतो.

उरलेला प्रत्येक तुकडा, अगदी चिंधीसुद्धा, पिशवीत घालून परत द्या. तो तुमचा नाही. आणि अशा कामात पहिल्यांदाच हात घालू नका. नवीन कापडाच्या दोन-तीन गोधड्या पूर्ण करून, विकून, एकदा धुऊन बघितल्यावरच आठवणींच्या गोधडीची ऑर्डर घ्या.

## चिंधीतून धंदा: दोन खरी उदाहरणं

उरलेल्या तुकड्यांचं काय, यावर दोन ठिकाणांकडून शिकण्यासारखं आहे.

पहिलं आपल्या शेजारचं. कर्नाटकात उत्तर कन्नड भागात आफ्रिकी वंशाचा सिद्दी समाज राहतो. तिथल्या बायका ज्या गोधड्या शिवतात त्यांना कवंडी म्हणतात. त्यांची पद्धत आपल्या चौकोनी जोडणीपेक्षा वेगळी आहे. आधी तुकडे जोडून वरची बाजू तयार करायची असं नाही. पाठीचं कापड पसरून कडेपासून सुरुवात करायची, तुकडे ठेवत ठेवत धावदोरा घालत आत आत मध्यापर्यंत जायचं. जोडणं आणि शिवणं एकाच वेळी होतं. यात तुकडे एकसारख्या मापाचे नसले तरी अडत नाही. तुमच्याकडे वेड्यावाकड्या चिंध्या साठल्या असतील तर त्या चौकोनात बसवण्यापेक्षा ही पद्धत शिका, तुकडा वाया जात नाही.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. अलाबामा राज्यात विलकॉक्स परगण्यात १९६६ मध्ये कृष्णवर्णीय महिलांनी फ्रीडम क्विल्टिंग बी ही सहकारी संस्था सुरू केली. १९७२ मध्ये त्यांना सिअर्स रोबक या मोठ्या कंपनीकडून कॉर्डरॉयच्या उशांच्या कव्हरांचं काम मिळालं. काम एकसुरी होतं, पण नियमित पैसे देणारं होतं. आणि त्यातून उरलेले कॉर्डरॉयचे तुकडे गावातल्या बायकांनी घरी नेऊन त्याच्या गोधड्या शिवल्या. त्याच परिसरातल्या जीज बेंड गावच्या गोधड्यांचं २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात प्रदर्शन भरलं आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्यावर तिकिटं काढली.

आपल्यासाठी यातला धडा कुठला? प्रसिद्धी हा नाही, ती कोणाच्या हातात नसते. धडा असा, की एका नियमित कामाच्या उरलेल्या कापडातून दुसरं उत्पादन उभं राहतं. आपल्या यादीतलं कुशनही तसंच आलं होतं. तुमच्या गावात पडदे, शाळेचे गणवेश किंवा ब्लाऊज शिवणारे कोण आहेत? त्यांच्याकडे रोज काय उरतं? जाऊन बघा. फक्त ती चिंधी घेतल्यावरही चारही चाचण्या करा. फुकट मिळालेलं कापड रंग सोडणार नाही असं थोडंच आहे?

## भांडवल किती लागेल?

तीन नगांसाठी कर्ज काढू नका. आपल्या यादीचं १४ मीटर कापड ९० रुपये भावाने १,२६० रुपयांचं होतं. भरण, दोरा, सुया, चांगली कात्री धरूनही रक्कम आवाक्यातली आहे. मशीन घरात नसेल तर जोडणी शेजारच्या शिलाईवाल्या ताईंकडून करून घ्या. दहा-बारा नग विकले गेले, कुठला नग किती दिवसांत विकला जातो हे कळलं, की मग उद्यम नोंदणी करा. ती सरकारी पोर्टलवर मोफत होते, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका. मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं, पण ते मागायला जाताना बँकेत दाखवायला तुमची ती वही हवी. "मला आवड आहे" यावर कर्ज मागू नका. "या नगाला इतके तास, इतका खर्च, इतक्या विक्रीचा अनुभव" असं म्हणा. बोलण्यात वजन येतं.

## या आठवड्याचा गृहपाठ

१. घड्याळ लावून एक तास धावदोरा घाला. तुमचा वेग मीटरमध्ये लिहा.

२. घरातली तीन सुती कापडं घेऊन चारही चाचण्या करा, निकाल वहीत चिकटवा.

३. तुमचे तीन नग ठरवा: लवकर होणारा एक, ओळखीचा एक, उरलेल्या तुकड्यांतला एक.

४. त्यांची मीटरमध्ये खरेदीची यादी करा, आटणं धरून. दुकानात फक्त त्या यादीतलंच घ्या.

चौथं काम सगळ्यात अवघड आहे, मला माहीत आहे. ताग्यांच्या रांगेसमोर उभं राहिलं की हात आपोआप पुढे जातो. तेव्हा मनात एकच प्रश्न विचारा: "हे कापड कुठल्या नगाचं आहे?" उत्तर आलं तर घ्या. उत्तर आलं नाही तर तागा परत ठेवा आणि पुढे चला.

पुढच्या भागात याच तीन नगांची विक्रीची किंमत कशी ठरवायची, प्रदर्शनातला भाव आणि घरबसल्या विक्रीचा भाव वेगळा का ठेवायचा, ते बघू. तोवर वही तयार ठेवा. भेटूया!